हारायला बोलावल्याली जोडी

तसं बगितलं तर आमच्या घरात बैल नव्हताच कवा. आमी मेंढरामागची मानसं. माझा बाप मेंढरं राखायचा, बापाचा बाप बी मेंढरंच राखायचा, आन् मी बी मिसरूड फुटूस्तोर वालूरच्या शिवारात मेंढरं बसवीत हिंडलो, म्हंजी लोकाच्या वावरात कळप बसवायचा, लेंड्यानं वावराला खत होतंय, आन् वावरवाला त्याच्या बदल्यात ज्वारी देतोय. नाव माझं रंगनाथ, पर समदे मला रंगूमामाच म्हणत्यात, ज्यायचा मी मामा लागत न्हाई ते बी. तुमी मनलाव का मामा, सुरवातीपासून सांगा, तर सुरवात ही अशी हाय ताई. पर सुरवात कुठली आन् मधलं कुठलं हे आताशा माझं मलाच नीट कळंना गेलंय, तवा मागंपुढं झालं तर संभाळून घ्या.

आता मेंढरामागच्या मानसाकडं बैल आले कसे, तर लगनामुळं. गयाच्या बापानं, म्हंजी माझ्या सासऱ्यानं, अट घातली का ज्याच्या दारात बैल न्हाई त्याच्या दारात माझी पोरगी जायची न्हाई. माझ्या बापानं लय डोकं खाजवलं आन् गाभण मेंढ्या देऊन त्याच्या बदल्यात दोन गोऱ्हे आणले. गोऱ्हे लाल कंधारी, दिसायला राजबिंडे, पर हाकललं का आधी इचार करायचे आन् मंग पाय उचलायचे. त्या वर्षी गावात शंकरपट व्हता. तुमी बगितला नसंल तर सांगतो, ह्यात दोन जोड्या शेजारी शेजारी आपापल्या हलक्या छकड्याला जुपायच्या आन् पळवायच्या, जी आधी निशाणापशी पोचंल ती जिंकली. नवं लगीन, नवे बैल, अंगात मस्ती, मी बी घातली जोडी. समोरची जोडी निशाणाला पोचून, जू सोडून, पाणी पिऊन उभी व्हती, तवा माझी पोचली. समदा गाव हासला. गया बायांमधी उभी व्हती, तिनं तोंडावर पदर घेतला, आता ती हासायली व्हती का रडायली मला कळलं न्हाई, आन् आजवर तिनं सांगितलं बी न्हाई.

दुसऱ्या दिशी गावातले मोठे शेतकरी बापूराव माझ्या दारात. मनले रंगनाथ, तुझी जोडी घिऊन माझ्या आखाड्यावर ये. शेतातल्या गोठ्याला आमच्याकडं आखाडा म्हणत्यात. मी मनलो मालक, कालची फजिती काय कमी झाली का. तर ते मनले येड्या, माझे गोऱ्हे नवे हायती, त्यायला जिंकायला कुणीतरी पायजे का न्हाई.

तवा मला ही गोष्ट कळली, जी ह्या पटाच्या नादातल्या समद्या मानसाला म्हाईत असती आन् बाकी कुणालाच नसती. बैलाला दिमाग असतो ताई, आन् त्यात पयल्यांदा जे बसतं ते लवकर निघत न्हाई. नवा गोऱ्हा पयल्याच डावाला हारला का त्यो समजतो आपली जागा दुसऱ्याच्या शेपटामागं हाय, मंग तुमी त्याला बदाम चारा न्हाई तर दूध पाजा, त्यो पुढं जात न्हाई. म्हणून त्याला आधी जिंकवायचं. थोड्या पल्ल्यावर जिंकवायचं, मंग पल्ला वाढवायचा, मंग जरा बऱ्या जोडीसंगं जिंकवायचं. ल्हान ल्हान जिंकून त्याच्या डोक्यात बसतं का आपल्याला कुणी हरवू शकत न्हाई, आन् एकदा का हे बसलं का खरंच कुणी हरवत न्हाई त्याला, निदान लय दिवस. आन् ह्या पयल्या जिंकण्यासाठी एक हारणारी जोडी लागती. ती माझी.

आता तुमाला वाटंल हारायला काय अक्कल लागती. लागती ताई. लय मागं ऱ्हायलं तर त्या गोऱ्ह्याला कळतच न्हाई का आपण कुणाला हरवलं, त्याला वाटतं आपण एकटेच पळालो. म्हणून आधी आपली जोडी पुढं काढायची, मानभर पुढं, त्यो गोऱ्हा बाजूनं बगतो, चिडतो, जोर लावतो, तवा हळूच कासरा वढायचा, असा का आपल्या बैलाला बी कळू नये, आन् त्याला जाऊ द्यायचं, पर आपलं तोंड त्याच्या पुठ्ठ्यापशी ठिवायचं, त्याला आपला श्वास आयकू आला पायजे. बापूरावाचे गोऱ्हे त्या वर्षी तीन जत्रा जिंकले. मंग काय, माझं नाव झालं. सेलूकडून बोलावणं, गंगाखेडच्या उसाच्या पट्ट्यातून टेम्पो घिऊन मानसं यायची, मामा, आमचे गोऱ्हे काढायचेत, म्हंजी पटाला तयार करायचेत, चला. जेवण, टॉवेल-टोपी, आन् येताना टेम्पोत कडबा न्हाई तर सरकीची पेंड. गया मनायची, लोकाचे नवरे जिंकाया जात्यात, माझा हाराया जातोय, आन् येताना कडबा आणतोय. मनायची, पर कडबा उतरवायला पयली तीच यायची.

ती पयली जोडी म्हातारी होऊन गेली, तिच्यामागं दुसरी. मधी लय वर्षं पट बंद व्हते, कोर्टाची बंदी, तवा मी गयासंगं लोकाच्या वावरात कापूस येचला, मेंढरं बी पुन्ना राखली. मंग बंदी उठली, नियम आले, चाबूक न्हाई, टोचणी न्हाई, बैलाला डाक्टरचं सर्टिफिकेट, चांगलं झालं, बैलाची पाठ तरी वाचली. तवर माझ्याकडं ही तिसरी जोडी आल्ती, चांद्या आन् गुंड्या. तुमी आताच बगितले ते, कडुलिंबाखाली बसल्याले.

मला एकच पोरगी, मीरा. दिली हितूनच जवळ, वालूरच्या पलीकडं. जावई गजाननराव, मानूस सोन्यासारखा, पर खाली मान घालून बसणारा. पोलीस भरतीला परभणीच्या ग्राउंडवर दोनदा पळून आले, दोनदा ऱ्हायले. सेलूला मोबाइलचं दुकान टाकलं, ते मिटलं. घरात थोरल्या भावाचं चालायचं, इहिरीच्या पाण्याची पाळी बी थोरला मनंल तवा. आमच्याकडं आले तरी दुसरी भाकर मागून घेत नव्हते ताई, गयाच वाढायची इचारल्याबिगर. मीरा काही बोलायची न्हाई, पर बापाला कळतं का न्हाई. तिची सासू एकदा मनली व्हती, आमचा गजा म्हंजी गोगलगाय, आन् मीरा तिथंच भाकऱ्या थापीत व्हती.

त्यांच्या घरच्या गाईचे दोन गोऱ्हे व्हते, वाघ्या आन् पाखऱ्या. पाखऱ्या असा का बगितल्याबरुबर मला मनात झालं, ह्यो पळणार. जावयाला मी बापू म्हणतो, मनलो बापू, हे तयार करू. ते मनले मामा, मला काय जमायचं. मी मनलो, तुमाला काय करायचंय, पळणार ते. तुमी निस्ते छकड्यावर बसा.

मंग मी चांद्या-गुंड्याला घिऊन गेलो, त्यांच्या गावच्या गायरानात अर्ध्याच पल्ल्यावर पळवलं, आन् हारलो. माझं नेहमीचं काम. पर त्या दिशी निशाणापशी जावयाचं तोंड बगितलं आन् मी कासरा धरून तसाच उभा ऱ्हायलो. ते हासायले व्हते. लगनात बी ते असे हासले नव्हते. पाखऱ्याला कवळा घालून मनायले, मामा, बगितलं का, मामा, बगितलं का. मी मनलो बगितलं बापू, लय जोरात गेला.

पुढच्या खेपंला पल्ला वाढवला, पुन्ना हारलो. मंग शेजारच्या गावची एक जोडी आणली, ती बी हारली, ती मातर खरीच हारली, मी काही सांगितलं नव्हतं. आन् बगा, त्या हप्त्यात मीराचा फोन आला गयाला, का ह्यांनी आज डेअरीवर माप तपासायला लावलं. गया मनली, कुणी, गजाननरावानं? व्हय मनली. मंग म्हैनाभरात आणखी फोन, थोरल्या दाजीला, म्हंजी त्यांच्या थोरल्या भावाला, मनले का पाण्याची पाळी ठरवून घेऊ, आन् मंगळवार-शुक्रवार आपला ठरला. मी इकडं गुंड्याची शिंगं साळीत बसल्यालो, आयकायलो, आन् मनात मनायलो, रंगनाथा, तू गोऱ्हे काढायला गेला व्हतास आन् निघायला मानूस लागलाय. लय बरं वाटलं. मानसाचं बी बैलावानीच असतं का काय, मला काही शिकल्याल्या मानसावानी सांगता येणार न्हाई, पर दिसायलं तर तसंच व्हतं.

आता खरी गोष्ट आली, आन् हितंच माझं डोकं फिरतं.

पेरणीच्या आधी, पाऊस पडायच्या अगोदर, एक शेवटचा सराव धरला, पुरा पल्ला. इतवार व्हता. गावातली मानसं जमली, बाया बी. पुढच्या हिवाळ्यात जत्रंला जोडी घालायची ठरलं व्हतं, म्हणून समद्याला बगायचं व्हतं. मीरा बांधावर उभी. मी जोडी सरळ करायलो आन् थोरला दाजी समद्या गावापुढं मनला, भिऊ नको गजा, तुझा सासरा तर हारायचंच खातोय. मानसं हासली. मी बी हासलो, त्यात खोटं काय व्हतं, कडबा तर हारूनच आणतो मी. पर माझी नजर मीराकडं गेली, आन् तिनं मान खाली घातल्याली.

निघाल्या जोड्या. मी नेहमीसारखी मानभर पुढं काढली. गायरानात एक बाभळ हाय, तिथं आल्यावर मी कासरा वढतो. बाभळ आली. आता मी कासरा वढला का न्हाई, हे ताई मी इतक्या डाव मनात घोळवलंय का आता खरं काय आन् मनातलं काय हेच कळंना. हाताला वाटतंय वढला. गया मनती न्हाई वढला, मी बगत व्हते. चांद्यानं मान अशी खाली घातली आन् जे गेला, जे गेला, मला तर कळलंच न्हाई का निशाण कवा आलं. मागं बगितलं तर वाघ्या-पाखऱ्या छकडाभर मागं.

कुणी शिट्टी मारली न्हाई, कुणी काही न्हाई. मंग थोरल्या दाजीचंच हासू आलं, मनला, घ्या, सासऱ्यानंच जावयाला झोपवलं. गजाननराव खाली उतरले, जू सोडलं, बैल घेतले आन् घरी गेले. माझ्याकडं बगितलं न्हाई. मीरा बी गेली. मी बाभळीखाली चांद्या-गुंड्याला धरून उभा, माझा छकडा आयुष्यात पयल्यांदा जिंकल्याला, आन् मला कुणाला सांगायची सोय न्हाई.

पर एक सांगतो तुमाला, खोटं बोलत न्हाई. मला जावयाचं वाईट वाटायचं तेवढं वाटलं, जेवण गेलं न्हाई. तरी आतून कुठंतरी खुशी बी झाली. दुसऱ्या दिशी वालूरच्या बाजाराला गेलो तर माझी चाल येगळी. एका कापडवाल्यानं फाटकं धोतर दिलं व्हतं मागं, कवा बोललो नव्हतो, त्या दिशी मी त्याच्या दुकानात जाऊन मनलो, हे बदलून दे, आन् त्यानं बदलून दिलं. एस्टीत एका पोरानं माझी जागा धरली तर मी त्याला उठवलं. घरी आलो तर गया मनली, तोंडातल्या तोंडात काय गुणगुणायलाव, लाज हाय का, पोरगी तिकडं रडायली. लाजही वाटायची आन् गुणगुणावंही वाटायचं. ह्याला काय मनायचं तुमीच सांगा, तुमी शिकल्याल्या हाव.

तिकडं पाखऱ्या मोडला. पळायचं ऱ्हायलं बाजूला, हौदावर पाणी प्यायला गेला तरी दुसऱ्या बैलाचं पिऊन होऊस्तोर मागं उभा. आन् जावई बी तसेच. पाण्याची पाळी थोरल्यानं पुन्ना आपल्या मनानं लावली, हे बोलले न्हाईत. त्या वर्षी अधिक म्हैना आला, आमच्यात अधिकात जावयाला धोंड्याचं जेवण असतं, पुरणाचे धोंडे तुपात भिजवून वाढायचे, वाण द्यायचं. गयानं समदी तयारी केली, निरोप धाडला. ते आले न्हाईत. फोनवर मनले, फवारणी हाय मामी. अधिकात जावई जेवाया न आल्याला मी आमच्या भावकीत कवा बगितला नव्हता.

मंग मीरा एकटी आली. बसली बी न्हाई, उभ्यानंच मनली, आबा, ते बैल बाजाराला काढायलेत. मी मनलो काढू दे, बैल काय दुसरे मिळत्याल. तर ती मनली, बैल गेले का ते बी पुण्याला चाललेत, कंपनीत वाचमनची जागा हाय मनत्यात, मला हितंच जाऊबाईच्या हाताखाली ठिवून. आबा, मानूस जरा उभा ऱ्हायला व्हता, तुमाला एक डाव कासरा धरायला काय झालं व्हतं. मी मनलो मीरे, मी धरला व्हता. ती मनली, मंग ढिला काहून पडला. तिच्या आईनं तिला पाणी दिलं, ते बी तिनं अर्धं पिलं.

मी दुसऱ्याच दिशी त्यांच्या आखाड्यावर गेलो. लेकीच्या घरात बापानं मुक्काम करू न्हाई, तवा आखाड्यावरच पडलो, घोंगडी संगं व्हती. जावयाला मनलो, बापू, बैल इका न्हाई तर ठिवा, पर मोडल्याला बैल इकला तर भाव येणार न्हाई, मला थोडे दिवस द्या, मी त्याला सरळ करून देतो, मंग इका. ते मनले तुमची मर्जी. येवढंच.

मंग सुरू केलं. आधी हौदापसून. बाकीची जनावरं मी धरून ठिवायची आन् पाखऱ्याला आधी पाणी पाजायचं. पयल्या दिशी त्यो प्यालाच न्हाई, मागं बगायचा, कुणी पुढं हाय का म्हणून. मंग प्यायला लागला. मंग पांदीच्या वाटंनं मी पुढं चालायचो, हळूहळू, वाट आडवून, त्यो येऊन मला नाकानं ढकलायचा, मी बाजूला व्हायचो, त्यो पुढं गेला का मी मनायचो शाब्बास. मंग मी घरून चार मेंढरं आणली. तुमी हासताव, गाव बी हासला. मेंढरं पुढं सोडायची आन् पाखऱ्याला मागून, त्यानं त्यायला गाठलं का गूळ. बैलानं मेंढरं जिंकायची, सांगा आता. पर ज्याला काहीच जिंकता येईना गेलंय, त्याला मेंढरापसूनच सुरू करावं लागतं.

मेंढरं झाली, मंग मी सोता. धोतर खोचून गायरानात पळायचो आन् मागून पाखऱ्या. माझं वय काय, माझे गुडघे काय, एक दिवस पाय घसरला आन् चिखलात असा पडलो का नाकातोंडात चिखल, आन् पाखऱ्या मला वलांडून शेपूट वर करून गेला. आन् मला हासू आयकू आलं. जावई बांधावर उभे व्हते, पोट धरून हासायले. मंग आले, मला उठवलं, मनले, मामा, तुमी बसा, तुमचा दम गेलाय, मी पळतो. मी मनलो न्हाई बापू, तुमी पळालाव तर तुमी जिंकताल, पोलीस भरतीचे पाय हायती तुमचे. ते मनले, भरतीत कुठं जिंकलो. पर धोतर माझं धुवायला टाकलं त्यांनीच, आन् दुसऱ्या दिशीपसून पाखऱ्यापुढं ते पळायले.

मी मनलो, रंगनाथा, बैल सुधारायलाय, मानसाला बी तसंच घे. मंग मी जावयापुढं हारायला लागलो. मोटर बंद पडली तर मी चुकीची तार धरायचो, ते मनायचे मामा, ती न्हाई, ही. मी मनायचो औंदा सोयाबीनला हे औशीद मारा, ते मनायचे न्हाई मामा, त्यानं पान जळतं. मी मनायचो तुमचं बरुबर हाय बापू, माझं डोकं चालंना आता. पर ह्यात एक घोळ झाला ताई. मोटरची तार मी मुद्दाम चुकीची धरली, हे खरं. औशिदाचं मातर मला खरंच म्हाईत नव्हतं. आन् पुढं पुढं कुठली हार मुद्दामची आन् कुठली खरी, हे माझं मलाच कळंना झालं. एका दिशी ते मनले मामा, जरा तिकडं सरका, तुमच्यानं हे होत न्हाई, आन् मी सरकलो, आन् सरकल्यावर मला राग आला, आन् राग आल्यावर वाटलं, अरे, हेच तर पायजे व्हतं तुला.

बैल इकायचं कुणी काढलं न्हाई मंग. पाणी मंगळवार-शुक्रवार पुन्ना आपलं झालं, ह्या डावाला जावई भावाशी चढ्या आवाजात बोलले, मीरानं आईला फोन लावून दुरून आयकवलं म्हणं. हिवाळ्यात जत्रा भरली. वाघ्या-पाखऱ्याला नव्या जोड्यांच्या गटात घातलं. पयल्या फेरीला मी डोळे मिटून घेतले, गयानं कोपरानं ढोसलं, मनली, उघडा, गेला पुढं. गट जिंकले. मंग दुसऱ्या जत्रंला त्याच्या वरचा गट जिंकले. ढाल भेटली. माइकवाल्यानं जावयाला इचारलं, दोन शब्द बोला. हे मानूस, जे दुसरी भाकर मागत नव्हतं, हातात माइक घिऊन बोललं, आन् चांगलं बोललं, का गोऱ्ह्याला मारू नका, त्याला इश्वास द्या, मी असं केलं, मी तसं केलं. मी मधी मेंढरं आणली व्हती हे काही आलं न्हाई त्यात. मी मानसात उभा. मला बरं वाटायलं. तरी मीराला मनलो, तुझ्या मालकानं माझं नाव घेतलं न्हाई. ती मनली, आबा, नाव घेतलं असतं तर समदे मनले असते सासऱ्यानं जिंकवलं, मंग तुमच्या कष्टाचा काय उपेग. पोरगी बरुबर बोलली. पर बरुबर बोललेलं बी लागतंय कवा कवा.

आता जावयाला दुरून मानसं इचारायला येत्यात. ग्रामसभेत उठून रस्त्याचं बोलले. पुण्याचं नाव न्हाई. थोरले दाजी त्यांना गजाननराव म्हणायलेत. मीरा अंगानं भरली. ह्याच्यापेक्षा बापाला काय पायजे. मला वाटलं, झालं, आपलं काम सपलं, आता चांद्या-गुंड्याला बसून खाऊ द्यावं.

तर परवा जावई टेम्पोत वाघ्या-पाखऱ्याला घालून माझ्या दारात. मनले मामा, तुमच्या जोडीसंगं पळवायचेत. मी मनलो बापू, तुमची ढालीची जोडी, माझ्या थकल्याल्या बैलाला हरवून तुमाला काय मिळायचं. ते मनले, हरवायला न्हाई आलो. तुमी खरंच पळवा. कासरा वढू नका. माझ्या बैलाला आता हारायचं म्हाईतच ऱ्हायलं न्हाई, मोठ्या जत्रंत कुणी तरी एक डाव हरवणारच, आन् तवा ते मागच्यासारखे मोडत्याल. हारून दुसऱ्या दिशी पाणी प्यायला पुढं जायचं, ही सवय त्यायला लागली पायजे. मंग मनले, मला बी लागली पायजे मामा. घरच्या मानसाकडून लागली तर बरी.

मी खाली बसलो. इचारलं, बापू, मी तुमच्यापुढं जे जे हारलो ते तुमाला कळलं व्हतं का. मनले व्हय. मी मनलो कवापसून. मनले, मेंढरं आणली तवापसून. मी मनलो, मंग बोललाव काहून न्हाई. तर हासले आन् मनले, मामा, जिंकायलो व्हतो, बोलू कशाला. गया आतून मनली, ह्याला म्हणत्यात जावई, आन् जेवाया बसवून त्यांच्या पानात दुसरी भाकर टाकली, तर ते मनले, मामी, तिसरी बी असू द्या.

उद्या सकाळी पळवायची ठरलीय. गाव बगाया येणार. आन् मी असा घोरात पडलोय ताई का काही सुचंना. ह्या हातानं आयुष्यभर एकच काम केलं, मानभर पुढं काढायचं आन् मंग वढायचं. आता हात मनला वढतो तर मी त्याला काय सांगू. जिंकलो तर पाखऱ्याचं काय होईल, जावयाचं काय होईल, ते मनत्यात होऊ द्या, पर मी एकदा बगितलंय काय होतं ते. आन् चांद्याचं आता वय झालंय, समजा मी कासरा सोडून दिला, जीव तोडून पळवली, आन् तरी हारलो, तर. रंगूमामा खरा हारला असं मानणारं एक मानूस ह्या तालुक्यात न्हाई. जावई बी मनतील, मामा, पुन्ना वढलाव न्हवं का. मी काय शपथ घिऊ. शपथ घ्यायला माझं मला तरी ठावं पायजे ना.

असू द्या. तुमी एवढ्या दुरून आलाव, माझं येड्याचं बोलणं आयकलंव, देव तुमाला यश देवो, आन् पयल्यांदा ल्हानच देवो, मोठं मागून येतंच. मीरा-गजाननराव सुखात हायती, ते तसेच ऱ्हावत. उद्या थांबणार असाल तर बांधावर उभं ऱ्हावा, बाभळीपशी माझ्या हाताकडं बगा. नंतर मला सांगा मी काय केलं ते. तुमचं मी मानीन.